घड्याळजी सुटतो कसा?

घड्याळजी पुन्हा एकदा नायकांच्या हातावर तुरी देऊन पळाला, तेव्हा मास्तरांनी टेबलावर असा हात आपटला की फळीवरचे प्लास्टरचे जबडे खुळखुळले.

"ताई, हा माणूस सुटतो कसा? चारी बाजूंनी घेरला होता. मी अख्खा रस्ता गोठवला होता."

"नशीब त्याचं," ताई म्हणाली आणि तिने पुठ्ठ्याचा पडदा जरा जवळ ओढला.

आता घड्याळजी म्हणजे कोणी खराखुरा चोर नव्हे, घाबरू नका. ताई दातांच्या कवळ्या बनवायची. रविवारी दुपारी तिचं कामाचं टेबल मोकळं असे आणि त्यावर कागदावर काढलेलं एक शहर अंथरलं जाई. खेळाडू तिघं, महानायकही तिघं. उरलेलं सगळं शहर, म्हणजे पोलीस, फेरीवाले, कावळे आणि खलनायक, एकट्या ताईच्या अंगावर. खेळाडूने म्हणायचं, मी अमुक करतो. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, छोटा आला तर पडला तोंडावर. खलनायकाचा फासा ताई टाकायची, तो मात्र पडद्याआड, कारण त्याच्या मनातलं नायकांना आधीच कळलं तर खेळायचं कशाला?

खेळाडूंपैकी मास्तर हे शेजारी. लोकांना गाडी चालवायला शिकवायचे, त्यामुळे नियम मोडलेला दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. दुसरा ताईचा धाकटा भाऊ, चष्म्याच्या दुकानातला. तिसरी त्याची बायको. ती एका दवाखान्यात रक्त तपासायची, बोलायची कमी आणि बघायची फार.

गंमत अशी, की घड्याळजी ताईने रचलेलाच नव्हता. तो या तिघांनीच जन्माला घातला होता. अगदी पहिल्या दिवशी भावाच्या महानायकाने, त्याचं नाव वज्र, दरोडेखोरांवर गच्चीवरची पाण्याची टाकी उचलून फेकली. दरोडेखोर चेपले, मास्तरांनी शिट्टी वाजवली, सगळे चहाला उठले. टाकी पडली तिथे खाली काय होतं, हे कोणी विचारलं नाही. ताईने विचारलं, मनातल्या मनात. खाली एका म्हाताऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मग तो वाचला का? वाचला असेल तर आता काय करत असेल? असं करता करता एक माणूस उभा राहिला. तो ज्या गल्लीतून जाई, तिथली वेळ थांबे आणि माणसं होती तिथे खिळून राहत. ताईने कवळीच्या गुलाबी मसाल्यात त्याचा अंगठ्याएवढा पुतळासुद्धा केला.

बाईचा स्वभावच तसला होता. शेजारी भांडण लागलं की ही खिडकीत. कोण चूक, कोण बरोबर, याच्याशी तिला घेणंदेणं नसे. आता पुढे काय होतंय, एवढंच बघायचं असे. तिचा खेळ रंगायचा तो त्यामुळेच. गोष्ट ती ठरवायचीच नाही, तिघांनी जे करून ठेवलं त्याचं काय झालं ते शोधत बसायची.

मग भाऊ आणि भावजय वेगळे झाले. आरडाओरडा नाही, काही नाही. भावजयीने एक खोली भाड्याने घेतली आणि बॅग भरून गेली. वकिलाकडे जायचंही ठरलं. ताईच्या तर तोंडचं पाणीच पळालं. पण भाऊच म्हणाला, "घड्याळजी पकडेपर्यंत दोघंही येऊ. खेळ अर्धवट सोडायचा नाही." भावजयीने मान हलवली.

झालं. त्या दिवसापासून घड्याळजी कोणाच्या बापाला सापडेना. पडद्याआड तीन पडले की ताई सतरा सांगायची. सतराही कमी पडतील असं वाटलं तर एकोणीस. तिचा हिशेब सरळ होता. घड्याळजी मोकळा आहे तोवर ही दोघं आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसतील, एकमेकांना फासा देतील, कधीतरी दोन शब्द बोलतील, आणि बोलली की जुळेल. लबाडी होती, पण भावाच्या संसारासाठी होती, असं ती स्वतःला समजावायची.

फक्त एक झालं. तिला खेळायचा कंटाळा येऊ लागला. पुढे काय होणार हे तिला आधीच माहीत असे, आणि माहीत असलेल्या गोष्टीसाठी खिडकीत कोण उभं राहतं?

पुढच्या रविवारी मास्तर आले ते हुप्प होऊन. खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, "आज पडदा नको. फासा सगळ्यांसमोर. नाहीतर मी आपला घरी जाऊन झोप काढतो."

"अहो, पण खलनायकाचं गुपित..." असं ताई म्हणतेय तोवर भावजयीने हात लांब करून पडदा उचलला, घडी केली आणि मागच्या फळीवर जबड्यांशेजारी ठेवून दिला. भाऊ हसला. ताईला हसू आलं नाही.

खेळ सुरू झाला. मास्तर म्हणाले, मी पुलावर दबा धरतो. भाऊ म्हणाला, वज्र आकाशातून टेहळणी करतो. भावजयीची पाळी आली, तेव्हा ती जरा वेळ नकाशाकडे बघत राहिली.

"मी त्याच्या मागे जात नाही," ती म्हणाली. "आपण पहिल्या दिवशी टाकी फेकली होती ना, मी तिथे जाते. ताई, खाली कोण होतं?"

ताईने तिच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता. तिने सांगायला सुरुवात केली. चेपलेलं शटर, आत तुटक्या काचा, आणि टाकीखालून अजूनही थोडं थोडं वाहणारं पाणी.

"मी काचा गोळा करते," भावजय म्हणाली. "आणि थांबते."

"किती वेळ?" मास्तरांनी विचारलं.

"तो येईपर्यंत."

आणि घड्याळजी आला. ताईने ठरवलं नव्हतं, पण तो न येता तर ते खोटं झालं असतं. तिने गुलाबी पुतळा दुकानाच्या चौकोनात ठेवला. कितीतरी दिवसांनी तिला खरंच कळत नव्हतं की आता हा काय बोलणार. ती खुर्चीत पुढे सरकली, आणि खरं सांगायचं तर तिला मजा वाटू लागली.

"तुम्ही तिघं होतात," ती घड्याळजीच्या खरखरीत आवाजात म्हणाली. "एकानेही खाली वाकून बघितलं नाही. मला दुसरं काही नको. टाकी फेकली त्याने इथे यावं आणि माझ्याकडे बघून चुकलो म्हणावं."

भावजय नवऱ्याकडे वळली. "ये ना खाली."

भावाने फासा उचलला. "माफी मागायला किती पडायला हवेत?"

"त्याला फासा लागत नाही," ती म्हणाली.

भावाने फासा ठेवला, परत उचलला, तळहातावर फिरवला. मग घसा खाकरून म्हणाला, "बरं. वज्र खाली उतरतो. म्हणतो, काका, माझं काही चुकलं असेल तर सॉरी. पण तेव्हा परिस्थितीच तशी होती. दुसरं कोणी असतं तरी त्याने हेच केलं असतं."

भावजय नकाशाकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. हे वाक्य तिने घरी पुष्कळदा ऐकलं असणार, हे ताईला तिथे, त्या क्षणी कळलं. भाऊ झाला म्हणून काय झालं, तिला त्याची लाज वाटली.

"घड्याळजी मागे सरकतो," ताई म्हणाली. "तो पळणार."

"मी त्याचा हात धरते," भावजय म्हणाली. तिचा फासा टेबलावर गडगडला. बारा.

आता ताईची पाळी. बाराच्या वर गेला की घड्याळजी सुटला, खेळ चालू, दोघं पुढच्या रविवारी पुन्हा समोरासमोर. तिने फासा मुठीत घट्ट धरला. टाकला. चार.

"पकडला," मास्तर म्हणाले आणि उठून त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला, पुतळ्याशीसुद्धा.

भावाने लांब श्वास सोडला. "चला, सुटलो एकदाचा," तो म्हणाला. बोलून गेल्यावर जरा ओशाळला, पण थांबला नाही. हेल्मेट घेतलं, ताईच्या खांद्यावर थोपटलं, बायकोला "भेटू मग तिकडे, वकिलाकडे" म्हणाला आणि गेला. जाताना जिन्यात शीळ घालत होता. मास्तरही त्याच्यामागोमाग गेले.

भावजय कपबशा विसळायला मोरीपाशी उभी राहिली. ताई पुतळा हातात घेऊन बसून होती.

"मी प्रयत्न केला गं," ती म्हणाली.

"माहीत आहे. तीन पडले की तुम्ही सतरा सांगायचात."

ताई चपापली. "तुला दिसायचं?"

"तुमच्या मागच्या कपाटाच्या काचेत. सुरुवातीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर घड्याळजी पकडला गेला असता."

ताईला भरून आलं. म्हणजे आपलं अगदीच चुकलं नव्हतं. "तुझा जीव आहे गं अजून त्याच्यात. मी बोलू का त्याच्याशी? मोठी बहीण आहे, ऐकेल माझं."

भावजय वळली. तिचे हात ओले होते. "ताई, मी त्याच्यासाठी नव्हते येत. तो विषय केव्हाच संपला. मी तुमच्याकडे येत होते."

ताईने हातातला पुतळा टेबलावर ठेवला. एवढं सगळ्यांच्या मनातलं ओळखणारी बाई, आणि आपल्याच टेबलावरची ही गोष्ट तिला दिसलीच नव्हती.

"माझं इथे दुसरं कोणी नाही," भावजय म्हणाली. "पण आता कोणत्या नात्याने येऊ? सही झाली की मी तुमची कोण?"

ताईला रागच आला. स्वतःचा, भावाचा, त्या फाशाचा, सगळ्यांचाच.

"मला ताई म्हणतेस ना?" ती म्हणाली. "मग त्यात तुझ्या नवऱ्याचा काय संबंध?"

भावजय हातातला कप ठेवून खुर्चीवर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली. ताईने तिला थांबवलं नाही. तिने दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसून राहिली.