कॅन उचलायची जागा

"अगं डिंप्ना, बास की! किती साखर घालशील? चमचा उभा राहील त्या चहात," मॅलकी म्हणाला.

"ईस्टरपर्यंतच्या उपवासात आजचा एकच दिवस सूट असते. संत पॅट्रिकची साखर आहे, तुझ्या बापाची नाही," असे म्हणत डिंप्नाने कागदी पेल्यात तिसरा चमचा रिकामा केला.

संत पॅट्रिकच्या सणाची मिरवणूक नुकतीच संपली होती. सात ट्रॅक्टर, शाळेची मुले, आगीचा एकुलता एक बंब आणि सगळ्यात मागे पाद्रीबाबांचा कुत्रा. तो दरवर्षी न बोलावता यायचा. किलब्रॅकन या आयरिश गावच्या चौकात एका ट्रकच्या पाठीवर मंच बांधला होता आणि त्यावर इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीहून आलेली पोरे वायरी जोडत होती. त्यांचे आईबाप कधीकाळी इकडूनच तिकडे गेलेले. दोन इलेक्ट्रिक गिटार, हे एवढे ड्रम, आणि एका लालकेस्या मुलीच्या हातात फिडल, म्हणजे इकडचे व्हायोलिन.

"कान फाटणार आज," मॅलकी म्हणाला. डिंप्नाच्या या शेजाऱ्याने निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षे गावात टपाल वाटले होते. डोक्यावर हिरवी टोपी, तिच्यात खोचलेली शॅमरॉकची तिदळी पाने सकाळीच मान टाकून बसलेली.

"तुला तसंही कुठं ऐकू येतं," डिंप्ना म्हणाली.

डिंप्नाने एकतीस वर्षे गावच्या डेअरीत दुधाचे कॅन धुतले. घरात फिडल एकच होती. ती बापाने धाकट्या कोलमनच्या हातात दिली. डिंप्नाच्या वाट्याला उरले ते नुसते तोंड. कॅन विसळताना ती तोंडानेच चाली म्हणायची आणि एकोणिसाव्या वर्षी असेच म्हणता म्हणता तिची स्वतःची एक चाल झाली. त्या चालीत एका जागी ती गप्प व्हायची, कारण तिथे धुतलेला कॅन उचलून फळीवर पालथा घालावा लागे. संध्याकाळी चुलीपाशी कोलमनने ती चाल फिडलवर उतरवून घेतली, ती थांबण्याची जागासुद्धा.

मग कोलमन इंग्लंडला गेला. पुढे नावारूपाला आला. सव्वीस वर्षांपूर्वी रेडिओवर त्याला हीच चाल वाजवताना डिंप्नाने ऐकले. शेजारपाजारच्या बायका तिच्याच स्वयंपाकघरात बसल्या होत्या. या मुलखात चाली कागदावर नसतात. ज्याच्याकडून घेतली त्याचे नाव सांगायचे, एवढाच रिवाज. रेडिओवरचा माणूस म्हणाला, "ही कोलमन कॉन्सिडाइन यांची स्वतःची चाल." कोलमन काहीच बोलला नाही. डिंप्नाने उठून रेडिओ बंद केला. त्यानंतर आलेले त्याचे एकही पत्र तिने फोडले नाही. बिस्किटांच्या डब्यात टाकत गेली.

मंचावर गिटार गर्जले. छातीत धक्का बसावा असा आवाज. पोरेसोरे उड्या मारू लागली आणि मॅलकीचा पाय त्याला न विचारता ठेका धरू लागला. एक गाणे झाले, दुसरे झाले. डिंप्नालाही मजा येत होती, पण ते ती मॅलकीपुढे कबूल करणार नव्हती.

मग फिडलवाली एकटीच पुढे आली आणि चार सूर वाजवले.

डिंप्नाने ओठांशी नेलेला पेला खाली घेतला.

"अगं, ही तर कोलमनची..." मॅलकीने जीभ चावली.

मुलगी थांबली. "ही मी आमच्या गल्लीतल्या कोलमन कॉन्सिडाइन आजोबांकडून घेतली," ती म्हणाली. "ते या गावचे. नाताळानंतर तिसऱ्या दिवशी गेले."

डिंप्नाने मॅलकीकडे पाहिले. "कोण गेलं म्हणाली?"

मॅलकीने डोक्यावरची हिरवी टोपी काढली.

"पण त्यांनी आम्हाला बजावून ठेवलंय," मुलगी सांगत होती, "की चाल माझी नाही, माझ्या बहिणीची आहे. एकदा रेडिओवर मी तोंड उघडलं नाही, तेव्हापासून ज्याला शिकवतो त्याला आधी हे सांगतो. मधे एक जागा मोकळी आहे. आमचा ड्रमवाला ती भरायला निघाला, तर आजोबांनी काठी उगारली. म्हणाले, तिथं हात लावायचा नाही, तिथं माझी बहीण कॅन उचलतेय." लोक हसले. मुलगीही हसली. "ते गेल्यावर बहिणीला मी पत्र टाकलं. उत्तर नाही आलं. त्या आहेत की नाहीत, माहीत नाही. असतील तर ही त्यांच्यासाठी."

"जानेवारीतलं ते पत्र," मॅलकी पुटपुटला. "नव्या पोस्टमननं माझ्याकडे दिलं होतं, तुला द्यायला. मी म्हटलं होतं तुला, डिंप्ना, अक्षर वेगळं आहे म्हणून."

म्हटले होते. आणि तिने ते न पाहताच डब्यात टाकले होते, कोलमनच्या अकरा पत्रांवर.

मॅलकीने टोपी धरलेला हात वर केला. "ए पोरी! इकडं! ही बघ इथं..."

डिंप्नाने त्याची बाही धरून हात खाली ओढला.

"अगं, वेडी का तू? आयुष्यभर हेच तर ऐकायचं होतं तुला!"

"गप. वाजवू दे तिला."

फिडल सुरू झाली. मागून गिटार आले, ड्रम आले. डेअरीच्या ओल्या फरशीवर जन्मलेली ती चाल आता एवढी मोठी झाली होती की चर्चच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. तीनशे माणसे टाळ्या वाजवत होती. डिंप्नाने पेला शेजारच्या बुटक्या भिंतीवर ठेवला. तिचा चेहरा कोरा होता, कुणीतरी पुसून काढावा तसा.

आणि ती जागा आली. फिडल थांबली. गिटार थांबले, ड्रमवाल्याच्या काठ्या हवेतच राहिल्या. टाळ्याही चुकून थांबल्या. सगळ्या चौकात क्षणभर काहीच नव्हते.

त्या क्षणात डिंप्नाचे दोन्ही हात आपोआप वर गेले. मनगटे वळली. तिने काहीतरी जड उचलले, पालथे केले आणि अलगद फळीवर ठेवले.

मग फिडल पुढे निघाली.