हिरव्या पाकिटामागची चिठ्ठी

ह्वेइचेनला दोष सापडला तो नेमका आत्याच्याच दारात. ताइचुंगला एकट्या राहणाऱ्या आत्याकडे आकडे दाबून उघडायचं कुलूप होतं, आणि फोनवरून चार ओळी धाडल्या की ते कुलूप कोणालाही घरचं समजत होतं. अशी कुलपं लावून निर्धास्त झोपणारे म्हातारे त्या शहरात हजारोंनी होते.

कंपन्यांच्या संगणकातल्या चुका शोधून कळवायच्या आणि बक्षीस घ्यायचं, यावर ह्वेइचेनचं घर नऊ वर्षं चाललं होतं. पण ही कुलपं बनवणाऱ्या शुनआन कंपनीनं गेल्या महिन्यात बक्षिसाची योजनाच गुंडाळली. यंत्राकडून खोटेनाटे दोष लिहून घेऊन हात पसरणाऱ्यांचा पूर आला होता. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं झालं.

तिनं तरी कळवलं. दोन मिनिटांत यंत्राचं उत्तर आलं, आपले आभार. पुन्हा लिहिलं, पुन्हा आभार. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! असे दोष विकत घेणाऱ्या एका दलालाला मात्र कुठूनसा वास लागला आणि त्यानं वर्षभराच्या घरभाड्याएवढे पैसे देऊ केले. तो पुढे कोणाला विकणार, हे विचारायचं नसतं. तिला मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. जेवताना तिनं त्याचा निरोप दोनदा उघडून पाहिला, मग जिने चढून दमणारी आत्या आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी तिनं दुकानातून मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट घेतलं, तारीख नीट पाहून. यंत्रावर हिरवं पाकीट असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे तिथले शिकलेसवरलेही मानतात. फक्त तारीख उलटलेली चालत नाही. पाकिटामागे तिनं बंद चिठ्ठी चिकटवली आणि वर ल्याओचं नाव घातलं. सहा वर्षं तिची पत्रं वाचणारा कंपनीतला माणूस तो. भेट मात्र कधीच नाही.

सिन्चूला कंपनीच्या फाटकावर रखवालदारानं अडवलं. "वेळ घेतलीय का?"

"नाही."

"मग निघा बाई."

"निघते. पण आतल्या यंत्रांवरच्या पाकिटाची तारीख शेवटची कोणी पाहिली होती?"

रखवालदाराचा चेहरा पडला. पाकीट घेऊन तो स्वतःच आत पळाला.

अर्ध्या तासानं एक टकलू, चष्मेवाला गृहस्थ खाली आला. हातात तिची चिठ्ठी उघडी होती.

"ह्वेइचेनताई? मला वाटायचं तुम्ही साठीच्या असाल."

"मला वाटायचं तुम्हीही यंत्रच असाल, ल्याओदादा."

तो हसला. "आतलं पाकीट खरंच चार महिने शिळं निघालं. सगळ्यांची पाचावर धारण बसलीय."

"आणि कुलूप?"

त्याचं हसू मावळलं. "संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतो. बक्षीस मात्र..."

"माहीत आहे."

"तेवढंच नाही, ताई. योजना गेली, तशी माझी खुर्चीही गेली. शुक्रवार शेवटचा."

तिनं त्याला कोपऱ्यावर चहा पाजला.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. "अगं, हे मेलं कुलूप नवा आकडा मागतंय! भाजीची पिशवी घेऊन जिन्यात उभी आहे मी. कोण रिकामटेकडा बसलाय गं तिथं, माझ्या दाराशी खेळत?"

"आहे एक, आत्या," ह्वेइचेन म्हणाली. "शुक्रवारनंतर तोही नसेल."