वहिनींच्या बोटांतली वीज

जिनाभर चपला पडल्या होत्या, तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत. दारात धाकटा दीर घसा खरवडून सांगत होता, "वहिनींच्या बोटांत वीज आहे. मेलेला वॉचमन उठवलाय त्यांनी. हात लागला की यमसुद्धा चपला सोडून पळतो." आणि उपासाचं पुण्य म्हणून बाटलीतून नळाचं पाणी वाटत होता.

आत वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. कपड्यांच्या कारखान्यात त्या शिलाई करायच्या. उपास मनापासून करायच्या, पण त्याचा असा बाजार व्हावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. नवरा गेल्यापासून घर खायला उठायचं. आता तर शेजारीण वाटीभर साखर मागायलाही येईना. आलीच तर पाया पडून जायची. आपण वॉचमनची नुसती छाती दाबली, हे वहिनींनी सगळ्यांना सांगून पाहिलं. दीर म्हणाला, थोर माणसं असंच बोलतात.

त्या दुपारी खालचा दुकानदार दुकानातच कोसळला. लोकांनी त्याला उचलून वर आणला, वळणावर अडकत, चपलांवरून घसरत. वहिनींनी उंबऱ्यातच त्याला उताणा घेतला आणि छाती दाबू लागल्या. रुग्णवाहिका कुणीच बोलावली नव्हती. वहिनींनी ओरडून ती बोलवायला लावली, पण ती आली तोवर सगळं संपलं होतं.

"उपासात काही चुकलं असेल," दीर पुटपुटला.

वहिनी उठल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ. "चुकलं ते जिन्यात, भाऊजी. याला वर आणण्यातच वेळ गेला. वॉचमन पडला तिथेच मी दाबायला लागले. हृदय थांबलं तरी दाबत राहिलं की रक्त मेंदूपर्यंत पोचतं. त्याला परत आणलं ते रुग्णवाहिकेतल्या यंत्राच्या झटक्यानं. तेवढंच तुम्ही सांगायचं सोडलंत. हे मला कारखान्यात शिकवलंय. हात तर देवानं सगळ्यांनाच दिलेत."

दुसऱ्या दिवसापासून जिना मोकळा झाला. छाती कशी दाबायची ते शिकवायला वहिनी रोज उशी घेऊन खाली अंगणात बसायच्या. शिकायला कुणी फिरकेना.

मग एक दिवस दुकानदाराची बायको आली. "मला शिकवा, ताई."

"हलवून हाक मारायची. उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर रुग्णवाहिका बोलवायची आणि लगेच छातीच्या मधोमध दाबायचं. जोरात, भरभर, मदत येईपर्यंत. हात जोडायला नंतर आयुष्य पडलंय."

ती बिचकत, हलकेच दाबू लागली. वहिनींनी आपले तळवे तिच्या हातांवर ठेवले. किती महिन्यांत कुणाचा हात त्यांच्या हातात आला नव्हता. आले ते सगळे पायांशी.

"आणखी जोरात," त्या म्हणाल्या, आणि दोघी दाबत राहिल्या.