बारा फुटांचा उतार

लेव्हलच्या नळीतलं पाणी आधी डुचमळलं, मग दोन्ही टोकांना एकाच उंचीवर येऊन थांबलं, आणि केरू मिस्त्रीने ओटीच्या दगडावर खडूची रेघ ओढली. बोटभर. सुंदरा ओटीवर बसून त्या रेघेकडे बघत राहिली. रेघेपासून खाली नव्या गल्लीपर्यंत बरोबर एक फूट. अठरा वर्षं ती या घरात होती आणि आपण जगापासून किती वर बसलोय हे तिला कुणी मोजून दाखवलं नव्हतं. एक फूट! एवढ्यासाठी एक माणूस रोज सकाळ-संध्याकाळ वाकतो.

वाकू दे.

शहापूरच्या त्या गल्लीत पंधरवडाभर काम चाललं होतं. गटारावर फरश्या टाकल्या होत्या, कडेने पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ येत होता, आणि मधलं काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून त्यावर गड्यांनी मातीचे बांध घालून पाणी कोंडलं होतं, खाचरात कोंडतात तसं. गडी सगळे डोळखांबकडचे, भातातले, एकाने बांधावरून जाताना दुसऱ्याला विचारलंसुद्धा, "भाताची आवणी कंदी रं?" सगळे हसले. सुंदराही हसली. तिचा धाकटा भाऊ बारकू हसला नाही, कारण त्या वेळी ती त्याच्या पाठीवर होती आणि तो ओल्या बांधावर पाय ठरवत होता. ओटीपासून एस.टी. स्टँडजवळच्या तिच्या टेलिफोन बूथपर्यंत तो तिला असाच न्यायचा. सरकारने दिलेली तीनचाकी सायकल तिकडे बूथच्या खांबाला साखळीने बांधलेली असायची. घरापर्यंत ती कधी आलीच नव्हती. आधी खड्डे, मग उघडं गटार, मग ओटीचा हा दगड. आता खड्डे गेले, गटार गेलं. दगड राहिला होता, आणि त्याच्यावर आज उतार बसणार होता.

त्या उतारासाठी बारकूने ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. कल्याणच्या डॉक्टरने त्याच्या पाठीचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, मणका दबलाय, आता पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. हे बारकूने तिला सांगितलं नव्हतं. मैनाने सांगितलं होतं, त्याच्या बायकोने, पोळपाटावर भाकरी थापता थापता, तिच्याकडे न बघता. "वन्सं, डाक्टर म्हनला, पाय जातील यांचे." सुंदराने विचारलं होतं, "दोन्ही?" आणि मैनाच्या हातातली भाकरी कडेला फाटली होती.

असं का बोलले मी... पण तोंडातून निघालं तेव्हा बरं वाटलं होतं, हेही खरं. खोटं कशाला बोला. लुळ्या बाईने गोड असावं असं सगळ्यांना वाटतं. लोकांना तिची कीव करायची असते आणि कीव कडू माणसाची करता येत नाही, म्हणून. सकाळीच ग्रामसेवक भाऊसाहेब कॅमेरा घेऊन आले होते. तिच्याशी एक शब्द नाही, बारकूलाच म्हणाले, "लाभार्थीला जरा पुढं सरकवा." बारकूने सरकवलं. "लाभार्थी, इकडं बघा. जरा हसा." तिने बघितलं, हसली नाही. भाऊसाहेबांनी तसाच फोटो काढला आणि चहा न घेता गेले.

बारकूने पंचायतीतून एक कागद आणला होता, परिपत्रकाची झेरॉक्स. त्यात लिहिलं होतं, एक फूट चढाला बारा फूट उतार. तेवढा लांब असेल तर चाक हाताने फिरवून एकटं माणूस चढू शकतं, उतरू शकतं. एकटं हा शब्द बारकूने वाचताना बोटाने दाखवला होता. "बघ बाय, एकटं. तुला वाटंल तवा जाशील, वाटंल तवा येशील." तो बोलत होता आणि ती त्याचं तोंड बघत होती. केवढा आनंद झालाय याला. दावं सुटलेल्या बैलासारखा.

बारा फूट म्हणजे भिंतीच्या कडेने जात जात उतार शेजारच्या सावळारामच्या दारावरून जाणार. सावळारामशी बोलणं बंद होतं, सामाईक भिंतीवरून; नऊ वर्षं. बारकू गेला आणि भर गल्लीत सावळारामच्या पायांवर त्याने डोकं ठेवलं. दुखऱ्या पाठीने वाकायला त्याला वेळ लागला, उठायला त्याहून जास्त; सावळारामने हात दिला नाही, पण "घाल बाबा, तुज्या भनीसाटी" म्हणाला. सुंदराने हे ओटीवरून बघितलं होतं. तिच्यासाठी एक माणूस दुसऱ्याच्या पायाशी पडला होता आणि तिच्या मनात आलं ते एवढंच, हा चांगला माणूस आहे आणि मला याचा वीट आलाय.

चांगुलपणानेच तर केलं सगळं... एकवीस वर्षं झाली. डोळखांबचं घर. ती बावीस वर्षांची, बारकू एकोणीसचा. मुरबाडकडचा एक बिजवर तिला बघायला येणार होता. त्याने आधीच निरोप धाडला होता, पायाचं माहीत आहे, चार पावलं चालली तरी पुरे. शिबिरात मिळालेले लोखंडी पट्ट्यांचे बूट घालून ती चार महिने चुलीपासून ओटीपर्यंत चालायचा सराव करत होती. अकरा पावलं. जांघेत पट्टा रुतून रक्त यायचं, त्यावर हळद लावून पुन्हा अकरा पावलं. त्या दिवशी पाहुणे ओटीवर बसले, आईने हाक मारली, ती काठी टेकून उभी राहिली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला थोडी डगमगली... डगमगली फक्त, पडली नव्हती. आणि बारकू धावला. "थांब बाय, पडशील!" त्याने तिला उचललं, लहान मूल उचलतात तसं, आणि पाहुण्यांसमोर नेऊन ठेवलं. लोखंडी बूट चटईवर खडखडले. नवरामुलगा चहा प्यायला, नीट बोलला. निघताना तिच्या बापाला म्हणाला, "पोरगी चांगली हाय वो. पन उचलाया आमच्याकडं भाऊ नाय."

संध्याकाळी बारकू तिच्याजवळ येऊन बसला होता. "रागावलीस, बाय?"

"नाय. उचललंस ना? आता उचल."

ते बूट तिने पुन्हा कधी घातले नाहीत. बारकूला वाटलं ती चेष्टा करते. मग त्याचं लग्न झालं, शहापूरला बिऱ्हाड आलं, बूथ मिळाला, आणि ती चेष्टा नव्हती हे त्याला समजलं की नाही, कोण जाणे. त्याने कधी विचारलं नाही. तो फक्त रोज पाठ करून बसायचा.

"ताय," केरू मिस्त्री म्हणाला. माल कालवून तयार होता, बारकू पाण्याचा टँकर बघायला हायवेपर्यंत गेला होता. केरूने बारा फुटांवर मांडलेल्या फळ्यांकडे बोट दाखवलं. "बारा फूट लई व्हतंय बगा. माल पुरायचा नाय. मानसं म्हनतील रस्ता बांधला का उतार? पाच फूट घातला तर चालंल ना? बैलगाडी चढती तेवढ्यावर."

मैना दारात चहाचे कप घेऊन उभी होती. सुंदराने बघितलं नाही, पण कपांचा आवाज थांबलेला तिला कळला.

पाच फुटांवर बैल चढेल. तिचे हात नाही चढणार. चाक मागे येईल आणि मागून कुणीतरी लोटायला लागेल, नाहीतर उचलायला. आणि बारा फुटांवर... तिने तो उतार डोळ्यांसमोर बघितला: ती एकटी खाली येते, मागे कुणाची धाप नाही, घामाचा वास नाही, गल्ली मोकळी. मग? बूथवर हल्ली गिऱ्हाईक नव्हतं. पोरंटोरंसुद्धा मोबाइल कानाला लावून बूथवरून जायची. बारा फूट उतरून जायचं कुठं? आणि घरात बारकू ताठ पाठीने बसलेला असेल, चहा पीत, फेडून झालेला. कुणी ठरवलं फेडून झालं म्हणून?

"मला विचारतोस ना?" ती म्हणाली. "चालंल पाच."

"वन्सं," मैना म्हणाली, "ते तर बारा..."

"चढायचं मला हाय का तुला?"

मैनाने कप खाली ठेवले आणि ती आत गेली. केरूने फळ्या जवळ ओढल्या. अर्ध्या तासात माल पडला, थापीने सारखा झाला, आणि चाक घसरू नये म्हणून केरूने त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या, सुबक, एकीसारखी एक.

बारकू टँकर घेऊन आला आणि उतारापाशी थांबला. उकिडवा बसला, एका हाताने कंबर धरून. फळीच्या टोकापासून ओटीपर्यंत त्याची नजर गेली आणि परत आली.

"किती रं हे?"

"पाच. तायनंच सांगितलं."

आता ओरडेल. तिने तयारी ठेवली होती, शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते, एकवीस वर्षांचे. ओरड. एकदा तरी ओरड रे. बारकूने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि त्याचे खांदे खाली आले. हळूच, ओझं उतरल्यासारखे. की मोडल्यासारखे? ते खांदे तिला हनुवटीखाली पाठ होते. तो थकलाय की चिडलाय की तापाने फणफणलाय, डोळे मिटून सांगितलं असतं तिने. पण समोरून तिने ते कधी बघितलेच नव्हते.

"बरं," बारकू म्हणाला.

"वलं हाय अजून," केरू म्हणाला. "मोडायचं तर आत्ताच सांगा. टाइम गेला की मग फोडाया घन लागंल."

"बायला विचार."

तो उठला. पाण्याने भरलेल्या बांधावरून वळसा घालून ओटीपाशी आला, तिच्याकडे पाठ केली आणि वाकला. "बस. बूथ उघडायचाय." आवाजात काहीच नव्हतं. राग नाही, दुःख नाही... आणि एक गोष्ट होती का? सुटका? म्हणजे यालाही हेच हवं होतं? पायऱ्या झिजवणं, सावळारामच्या पायावर डोकं, ते सगळं करत असताना आतून हा घाबरला होता का, की ही एकटी जाईल आणि मग मी कोण? आपण शिक्षा देत होतो आणि तो एवढी वर्षं ती प्रसादासारखी घेत होता? की खरंच आज काहीतरी मोडलं, आणि मोडलेलं माणूस असंच शांत दिसतं?

"ताय, बोला ना," केरू म्हणाला. "काय करू?"

समोर ती पाठ होती. सदऱ्याला घामाचा जुना खारट पट्टा, खाली मणक्याचा उंचवटा. तिने हात पुढे केले आणि ते हवेत थांबले. त्या पाठीवर ती हजारो वेळा बसली होती, झोपून गेली होती, रडली होती, तिचा द्वेष केला होता. आज पहिल्यांदा तिला त्या पाठीची भीती वाटत होती.