दीक्षाचा खारा हात

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. भातकुलीजवळच्या एका गावात, रस्त्याला लागून असलेल्या एका घराच्या ओट्यावर मी बसून असतो. बसून असतो म्हणजे आळशी आहे असं नाही. रांजणाचं कामच बसून करायचं असतं.

माझा जन्म बाळापूरकडचा. उत्तमराव कुंभाराने मला घडवलं, थापटलं, आव्यात भाजलं आणि बोटाने टिचकी मारून म्हणाला, "वाजते चांगला." एवढीच माझी परीक्षा. या घरची सुंदराबाई त्या वेळी तरुण होती. माहेराहून परत येताना तिने मला एसटीच्या मागच्या सीटवर लुगड्यात गुंडाळून बसवलं आणि अख्ख्या प्रवासात माझ्यावरचा हात काढला नाही.

ती एवढी जपत होती, कारण आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. इथे विहीर खणा की बोअर मारा, पाणी खारंच लागतं. गोडं पाणी सुंदराबाईने वर्षानुवर्षं लांबून डोक्यावर आणलं. आता नळ आहे, पण तो आठवड्यातून एकदा येतो. त्या दिवशी ती सगळ्यात आधी मला भरते, घरचे हंडे नंतर. शेतातून येणाराजाणारा माझ्यातलं ओगराळंभर पाणी पितो आणि तिला दोन शब्द चांगले बोलून जातो. तेवढ्यावर तिचा उन्हाळा निघतो.

या घरात तिची सून पौर्णिमा आहे. ती गावची आशाताई. खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर, डोक्याला दुपट्टा, अशी घरोघर फिरते. मुलगा धर्मपाल अमरावतीला कामाला असतो. आणि पाच वर्षांची दीक्षा आहे, जिच्यामुळे मी हे सगळं सांगायला बसलो.

दीक्षाने पहिल्यांदा मला पाझरताना पाहिलं, तेव्हा आईला सांगितलं की याला घाम आला आहे. मग घरातला जुना दुपट्टा आणून माझ्या गळ्याशी बांधला. ऊन लागू नये म्हणून मोठी माणसं खिशात कांदा ठेवतात, तसा एक कांदा माझ्या झाकणीवर ठेवला. तो घसरून पडायचा, ती पुन्हा ठेवायची. सावलीला आलेल्या कुत्रीला ती आईसारखी मान वाकडी करून विचारायची, तुमच्या घरी माणसं किती, लस घेतली का. पौर्णिमा दारामागे उभी राहून ऐकायची आणि कामाला उशीर करायची. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून आलेल्या बाईला घरी असं औषध मिळत होतं. ती ते कोणाला बोलून दाखवायची नाही, दृष्ट लागेल म्हणून.

एप्रिलात पौर्णिमाने आमच्याच ओट्यावर बायका जमवून, जुलाब-उलटी झालेल्या माणसाला द्यायचं पाणी कसं करतात ते दाखवलं. एक लिटर पाणी, सहा छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दमलेल्या माणसात त्याने जीव येतो, असंही ती बोलून गेली. दीक्षा पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पौर्णिमा गावात गेली होती आणि सुंदराबाईचा डोळा लागला होता. शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला गेलेल्या बाया आता दमून येतील, हे दीक्षाला ठाऊक होतं. ती पाट्यावर चढली, माझी झाकणी सरकवली आणि डब्यात उरलेली साखर माझ्यात ओतली. ती जेमतेम वाटीभर निघाली. उणीव भरून काढायला तिने मिठाचा अख्खा पुडा रिकामा केला, ओगराळ्याने ढवळलं आणि वाट पाहत बसली.

पहिली आली शेजारची पार्बताबाई. तिने मोठा घोट घेतला आणि तसाच रस्त्यावर टाकला.

"सुंदरे," ती म्हणाली, "आपल्या विहिरीनं रांजणात घर केलं का वं?"

सुंदराबाई उठून आली. तिने चाखलं. मित्रांनो, चिडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण तिचा चेहरा चिडलेला नव्हता. जन्मभर ज्या पाण्यापासून ती पळाली, ते तिच्या ओट्यावर येऊन बसलं होतं. आणि नळ यायला सहा दिवस होते. ती दीक्षाला म्हणाली,

"तुह्या हातानं गोडं पाणी खारं झालं. आजपासून कोणाले पाणी देऊ नको."

दीक्षा रडली नाही. तिने आपला हात उलटासुलटा करून पाहिला आणि पाठीमागे लपवला.

संध्याकाळी पौर्णिमाला सगळं कळलं, तेव्हा ती पदर तोंडात कोंबून आधी हसली. मग मिठाचा रिकामा पुडा हातात घेऊन बराच वेळ चुलीपाशी बसली. पार्बताबाईने दोन हंडे पाणी आणून दिलं आणि मी उपसला गेलो.

खरी गोष्ट यानंतरची आहे. दीक्षाने माझ्याजवळ येणं सोडलं. कोणी पाणी मागितलं, की ती हात मागे बांधून आत पळायची. जेवताना आईने भाकरी समोर ठेवली, तर म्हणाली, "तूच भरव. माह्या हातानं वरण खारं होईन."

पौर्णिमाने तिला जवळ घेऊन समजावलं, की खारटपणा मिठाचा होता, हाताचा नव्हता.

"मीठ त पुड्यात होतं," दीक्षा म्हणाली. "त्यानं थोडीच उडी मारली? हातानंच टाकलं ना."

गावाला समजावणारी आशाताई आता घाबरली. पोरीला गोड बोलायला, वाटून खायला तिने शिकवलं नव्हतं, ते लेकरू स्वतःसोबतच घेऊन आलं होतं. ते आता असंच आत पळून गेलं, तर परत कसं बोलवायचं?

पाचव्या दिवशी तिने भाकरी थापता थापता सासूला सांगितलं, "आत्या, मी दहादा समजावलं. माह्यानं नाही होत. बोल तुमचा हाय, तुमीच परत घ्या."

सुंदराबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

नळ आला. मी भरलो. दुपारी सुंदराबाई येऊन माझ्या शेजारी बसली, चपला काढल्या आणि ओंजळ पुढे केली.

"दीक्षे, मले तहान लागली."

"आईले सांग," आतून आवाज आला.

"तुह्या आईच्या हातचं नाही पाहिजे. मी त्या दिवशी चुकीचं बोलली, बापा. तुह्या हातचं दे."

पौर्णिमा दारात पिशवी अडकवून उभी होती. तिला निघायला उशीर झाला होता, पण पाऊल उचलत नव्हतं. सुंदराबाईची ओंजळ तशीच रिकामी. बऱ्याच वेळाने दीक्षा आली. हात अजून मागेच. मग एक पुढे आला. तिने ओगराळं बुडवलं, त्यात बोट घालून चाटलं. खात्री पटली नाही, पुन्हा चाटलं. मग हळूच आजीच्या ओंजळीत धार धरली.

सुंदराबाई प्यायली. पाणी कोपरावरून गळत होतं.

"आजी, खरं खरं सांग. खारं हाय?"

"नाही वं माय. साखर हाय साखर."

दीक्षाने हात उन्हात धरून नीट पाहिला. "बरा झाला वाटते," ती म्हणाली.

तेव्हा पौर्णिमाने पिशवी खाली ठेवली आणि सासूशेजारी बसून आपली ओंजळ पुढे केली. तहान तिला लागली होती की नाही, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, त्या दिवसाच्या मिठाने माझ्या अंगावर पांढरी पुटं आली आहेत. माझी बारीक छिद्रं बुजली, त्यामुळे मी पहिल्यासारखा पाझरत नाही आणि माझं पाणी पहिल्यासारखं गार होत नाही. कोणी विचारलं, तर सुंदराबाई सांगते की रांजण म्हातारा झाला. पौर्णिमाही तेच सांगते. खरं कारण या घरात कोणी बोलत नाही, दीक्षाच्या कानावर जाईल म्हणून.

तेव्हा तुम्ही कधी आमच्या ओट्यावर आलात आणि एका छोट्या पोरीने तुम्हाला कोमट पाणी दिलं, तर तोंड वाकडं करू नका. गार आहे म्हणा, आणि आणखी एक ओंजळ मागा.