मी नव्हते तेव्हा

पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या शाईत लिहिलेलं होतं — हेमलता यांचे बाळ. पट्टी घोट्याभोवती दोनदा फिरूनही उरलेली, आणि घोटा तो केवढा... करंगळीएवढा. आपलं नाव त्या पायात अडकवलेलं बघून तिला कसंसंच झालं. हेमलता म्हणजे कुणी दुसरीच बाई असावी, आणि ती येईपर्यंत आपण नुसतं धरून बसलोय.

कामिनी सिस्टरने बाळाला तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवून वरून गाऊन बांधला. "अशीच धरा. चौदाशे ग्रॅमची आहे, ऊब सुटता कामा नये."

मुलगी आहे हेही तिला कालच कळलं होतं. दोंडाईच्याच्या घरी ती चहा गाळत होती, डोळ्यांपुढे काजवे चमकले — आणि मग एकदम धुळ्याच्या दवाखान्यातलं हे छत. मधलं काहीच नाही. झटके आले, नवऱ्याने, रोहिदासने, गाडी केली, पोट कापून बाळ काढलं — लोक सांगतात, आपण न गेलेल्या लग्नाची हकिगत सांगावी तसं. मी कुठे होते? माझ्यातून कुणी बाहेर आलं आणि मीच घरी नव्हते...

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार वाढला होता, वारेतून बाळाला पुरेसं रक्त पोचत नव्हतं, म्हणून वाढ खुंटली. आठव्याच महिन्यात काढावं लागलं. ते तिला कळलं, आणि कळलं नाही. ती तर दोन जिवांचं जेवत होती — कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सासूबाई वाढतील तेवढं. ढेकर यायचा. आणि आत ही उपाशी? एकाच अंगात एक तृप्त आणि एक उपाशी, असं कसं असतं? पाय सुजले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "पहिलटकरणीना पाय सुजतसच." डोकं दुखायचं, ते उन्हामुळे म्हणून सोडून दिलेलं. कुणाचं तरी चुकलंच असणार... की कुणाचंच नाही?

सासूबाई, गुंताबाई, दाराबाहेर चपला काढून आत आल्या. "दूध उतरनं का वं?"

"आत्याबाई," हेमलताने विचारलं, "हाई मनीच शे ना?" ही माझीच ना, एवढंच तिला ऐकायचं होतं.

सासूबाई बघतच राहिल्या. "अशी काय बोलस? मी व्हतू ना तठे." मग पदराने तोंड पुसत, खिडकीकडे बघत — "माले वाटनं, तू गयी."

गयी. म्हणजे मेलीच. हे तर तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात छातीवरची ती इवलीशी धाप थांबली. "तळपाय चोळा, तळपाय," सिस्टर लगबगीने येत म्हणाली, आणि हेमलताचा अंगठा त्या तळव्यावर फिरू लागला. किती दाबायचं, ते ठाऊक नसताना. बाळ शहारलं, श्वास पुन्हा चालू झाला.

"होतं असं कमी दिवसांच्या बाळाला. लक्ष ठेवायचं," सिस्टर म्हणाली.

हिलाही काही आठवत नसेल — तो उजेड, ते हात. सासूबाई होत्या, डॉक्टर होते. आम्ही दोघीच तिथे असून नव्हतो... हेमलताने अंगठा तळव्यावर तसाच ठेवला. श्वास आला. आणखी एक आला. आणि पुढचा?