येतो म्हणून गेलेली माणसं

आमचं घर दोन खोल्यांचं, गल्लीच्या टोकाला. बांधलं एका घड्याळजीने. त्याच्यानंतर तिथे एक नर्सबाई राहिली आणि तिच्यानंतर आम्ही. नर्सबाईची भाची किल्ली देताना म्हणाली, "संध्याकाळी दाराची कडी वाजेल. उघडायला जाऊ नका, आपलीच माणसं आहेत." आपली म्हणजे कोणाची, ते विचारायचं राहून गेलं.

कडी खरंच वाजायची. साडेपाचला एकदा, हलकेच, आणि मग चपला काढल्याचा आवाज. सहाला पुन्हा, जरा घाईत. शेजारच्या काकूंनी उलगडा केला. पहिला घड्याळजी, वेळेचा पक्का. दुसरी नर्सबाई, ड्यूटी संपवून. तो दवाखान्यात जाताना दारात "येतो" म्हणाला होता, ती भाचीकडे जाताना "येते" म्हणाली होती. दोघंही जिवंत परतले नाहीत. ऐकून माझी पाचावर धारण बसली. माझा नवरा, म्हणजे आमचे हे, मात्र हसले. "शब्दाला जागणारी माणसं आहेत. तुझ्यासारखी नाहीत."

हा टोमणा होता. बाहेर पडताना मी सरळ "जाते" म्हणायचे. जायचं तर जाते म्हणायचं, त्यात काय एवढं! दर वेळी हे आतून ओरडायचे, "जाते काय? येते म्हण." मग मी नाक मुरडून "येते" म्हणायचे.

मग ती सकाळ. भांडण कशावरून, तर शर्टाच्या बटणावरून. जगाचे कपडे शिवतेस आणि नवऱ्याच्या शर्टाला बटण नाही, असं हे म्हणाले. मी म्हटलं, हात आहेत ना, लावून घ्या. हे ताडकन उठले आणि दारात म्हणाले, "जातो." आयुष्यात पहिल्यांदा. मी मशीनवरून मान वर केली नाही. दुपारी छापखान्यातून निरोप आला. यंत्राशी उभे असतानाच कोसळले होते.

त्याला अकरा वर्षं झाली. साडेपाचला घड्याळजी येतो, सहाला नर्सबाई. हे छापखान्यातून साडेसहाला घरी यायचे, म्हणून सहानंतर मी मशीन बंद करून कान देऊन बसायचे. परकी माणसं येतात आणि माझं माणूस येत नाही. मला राग यायचा, मग रडू, मग पुन्हा राग. एका शब्दासाठी एवढं धरून बसायचं? लेक तिच्याकडे राहायला बोलवायची, मी टाळायचे. मी नसताना आले तर? शेवटी माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि लेकीने घराला गिऱ्हाईक शोधलं.

काल घर रिकामं केलं. साडेपाचला कडी वाजली, सहाला वाजली. साडेसहाला नाही. मी पावणेसातपर्यंत थांबले. लेक फाटकाशी ताटकळत होती. मग मात्र माझं डोकं फिरलं. माझं म्हणून इथे कोणी येणार नसेल, तर मी तरी येते कशाला म्हणू? उंबऱ्यावर उभी राहून मी रिकाम्या खोल्यांना ठणकावून सांगितलं, "जाते."

"जाते काय?" स्वयंपाकघरातून आवाज आला. नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या तोऱ्यात. "येते म्हण."

मी दाराची चौकट धरली. जातो म्हणून हे गेलेच नव्हते. मी कान लावून बसले होते दाराकडे आणि हे आत होते. घरात कोणी नाही म्हणून अकरा वर्षं मी काही न बोलताच कुलूप लावून बाहेर पडत होते. एकदा जरी जाते म्हटलं असतं तरी कळलं असतं.

"आई, कोणाशी बोलतेस गं?" लेकीने विचारलं.

"कोणाशी नाही," मी म्हटलं. पण त्याआधी माझं "येते" म्हणून झालं होतं.

आज नवी माणसं राहायला आली असतील. त्यांना सांगायला हवं, की एक दिवस साडेसहालाही कडी वाजेल, घाबरू नका. आपलंच माणूस आहे. माझ्या हातून एक बटण लावायचं राहिलंय.